कामगार हवा, तर कामगाराचे घरही बघा

कन्हानच्या उंच काठावर वसलेल्या खाप्यात नगरपालिका आली ती १८६७ साली. नागपूरच्या उत्तरेला पस्तीसेक किलोमीटरवर, सावनेर तालुक्यात असलेले हे गाव त्या काळी सुती कापडासाठी ओळखले जाई. कोष्ट्यांच्या घरोघरी माग चालत आणि त्यावर घरे चालत. पुढे आसपासच्या जमिनीखालचे मँगनीज बाहेर निघू लागले आणि जवळची गुमगाव खाण हा रोजगाराचा दुसरा आधार झाला. आताची तरुण मुले-मुली सावनेर, कळमेश्वर, खापरखेडा किंवा थेट नागपूर असे अप-डाऊन करतात. घरातला माग, गावाजवळची खाण आणि बसने गाठायचा कारखाना, असा हा दीडशे वर्षांचा प्रवास आहे.

कामाची जागा बदलत गेली, पण मालकाचा हिशेब फारसा बदलला नाही. पाळीवर येणाऱ्या माणसाच्या मागे तान्हे मूल आहे, आजारी सासू आहे, बारावीनंतर काय करायचे या विचारात असलेली मुलगी आहे, याची नोंद हजेरीपटात होत नाही. ती व्हायला हवी. उपकार म्हणून नव्हे, तर कामगाराचे घर स्थिर राहिले तरच कारखान्याला टिकाऊ आणि शिकलेले हात मिळतात म्हणून. हे सांगण्यासाठी परदेशातले दाखले आणण्याची गरज नाही. नागपूरच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवातच या धड्याने झाली आहे.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांच्यापुढे पहिल्या वर्षांतच मोठी अडचण उभी राहिली. यंत्रे नवी होती, कापूस दारात होता, पण कामगार नियमित येत नव्हते. पाचातला एक गैरहजर असणे नेहमीचेच होते. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे दंड करता आला असता, माणसे काढून टाकता आली असती. मिलने दुसरा मार्ग धरला. हजेरी आणि चांगल्या कामासाठी बक्षिसे दिली, हवा खेळती आणि दमट ठेवण्याची यंत्रणा बसवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देणे सुरू केले. पुढच्या काळात औषधोपचार, मुलांसाठी पाळणाघर आणि शिक्षण याही सोयी आल्या. देशात कामगार भरपाईचा कायदा झाला १९२३ साली आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ साली. म्हणजे नागपूरच्या एका मिलने कायद्याची वाट पाहिली नाही, कारण गैरहजेरीचा तोटा तिला रोज दिसत होता. त्याच मिलने शिकाऊ तरुणांना घेऊन त्यांना व्यवस्थापनापर्यंत तयार करण्याची पद्धतही रुळवली. आजचे नागपूर वाढले त्यामागे ही पायाभरणी आहे.

मिल गेली. १९८६ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली आणि २००२ मध्ये तिचे दरवाजे बंद झाले. कापड गिरण्यांच्या पडझडीची कारणे वेगळी आहेत. पाळणाघर आणि निवृत्तिवेतन यांमुळे एम्प्रेस बुडाली असे कोणी म्हणणार नाही. उलट, याच सोयी देत ती शंभराहून अधिक वर्षे चालली.

खाप्याचा माग मात्र कधीच मिलसारखा नव्हता. तिथे घर आणि काम एकाच छपराखाली होते. हातमागावरचे कापड एकट्या विणकराचे नसते. सूत उकलायचे, कांडी भरायची, ताणा करायचा, खळ द्यायची, मग विणकर मागावर बसायचा. आधीची बरीचशी कामे घरातल्या बाया, म्हातारी माणसे आणि मुले करत. तान्हे मूल आईच्या डोळ्यांसमोर राही, ही मोठी सोय होती. पण कापड मोजून पैसे मिळत ते विणकराच्या हातात. कांड्या भरणाऱ्या बाईच्या श्रमाला वेगळी मजुरी नव्हती. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशातले ३५ लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले आणि त्यांत २५ लाखांहून अधिक स्त्रिया निघाल्या. ही कला बायांच्या हातावर उभी आहे, हे त्या गणनेने आकड्यांत सांगितले.

विणकराच्या घरात पुढच्या पिढीचे प्रशिक्षणही आपोआप होई. मुलगा बापाच्या शेजारी बसून धागा जोडायला शिके, किनार कशी उचलायची ते पाही. शिकवणारे होते, शिकणारे होते, पण शिकून हाती येणारी मिळकत घर चालवण्याइतकी उरली नाही. यंत्रमागाने भाव पाडले आणि मुलांनी मागाकडे पाठ फिरवली. नागपुरात मुख्यालय असलेल्या राज्य हातमाग महामंडळाने १९७१ पासून विणकरांना सूत आणि बाजारपेठ पुरवण्याचा प्रयत्न केला, तरी गळती थांबली नाही. यातून आजच्या मालकांनी घ्यायचा बोध सरळ आहे. कौशल्य शिकवून भागत नाही. त्या कौशल्यावर संसार चालेल अशी मजुरी आणि तो सांभाळता येईल असे कामाचे वेळापत्रक नसेल, तर शिकवलेले हात दुसरीकडे जातात.

खाणीची गोष्ट वेगळी आहे. मध्य भारतात मँगनीज उत्खननासाठी ब्रिटिश कंपनी उभी राहिली १८९६ साली. तिच्या खाणी पुढे मॉइल या कंपनीकडे आल्या. १९६२ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी १९७७ मध्ये पूर्णपणे सरकारी मालकीची झाली आणि तिचे मुख्यालय नागपुरात आहे. गुमगाव ही तिच्या भूमिगत खाणींपैकी एक. २०२४-२५ मध्ये मॉइलचे उत्पादन १८ लाख टनांवर गेले. मँगनीजच्या कामात बाया सुरुवातीपासून होत्या, खनिज फोडायला आणि निवडायला. म्हणूनच खाणीतल्या बायांसाठी प्रसूती लाभाचा वेगळा कायदा १९४१ मध्येच करावा लागला. १९५२ च्या खाण कायद्याने बायांना भूमिगत काम बंद केले, आणि १९६६ च्या नियमांनी जिथे बाया कामाला आहेत तिथे पाळणाघर सक्तीचे केले. २०१९ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी बायांना भूमिगत खाणीतही उतरण्याची परवानगी मिळाली. खाप्यातली एखादी मुलगी खनिकर्माची पदविका घेऊन गुमगावच्या खाणीत उतरू शकते, हे तिच्या आजीला स्वप्नातही शक्य नव्हते.

खाण कामगारांच्या घरासाठी आणखी एक सोय आहे आणि ती पुरेशा लोकांना माहीत नाही. लोह, मँगनीज आणि क्रोम खनिजाच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या मुलांना केंद्रीय कामगार मंत्रालय शिष्यवृत्ती देते. पहिलीपासून व्यावसायिक पदवीपर्यंत, वर्षाला १,००० रुपयांपासून २५,००० रुपयांपर्यंत. तिचा खरा उपयोग कमी मजुरीच्या आणि कंत्राटी कामगारांना आहे. त्यांनाच कागदपत्रे जुळवणे सर्वांत अवघड जाते. कंत्राटदाराने कामाचा दाखला वेळेवर दिला आणि कार्यालयातल्या एका माणसाने अर्ज भरून दिला, तर मालकाच्या खिशातून एक रुपयाही न जाता एका मुलाचे शिक्षण पुढे सरकते. उद्याचा कामगार घडवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

बाईच्या नोकरीपुढची अडचण मात्र दाखल्याने सुटत नाही. ती वेळेची आहे. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसातला २८९ मिनिटांचा वेळ बिनमजुरीच्या घरकामात जातो. पुरुषांचा ८८ मिनिटांचा. जवळजवळ पाच तास स्वयंपाक, पाणी, धुणीभांडी. त्यात मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळणे वेगळे. पंधरा वर्षांवरच्या बायांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर आला खरा, पण त्यातला मोठा भाग शेती आणि घरच्या धंद्यातला आहे. महिन्याचा पगार आणि भविष्य निर्वाह निधी असलेल्या नोकरीपर्यंत पोहोचताना मुलाला ठेवायचे कुठे, या प्रश्नावर पाऊल अडते.

नागपूरच्या बायांनी हे प्रश्न फार पूर्वी मांडले आहेत. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. हजारो बाया आल्या होत्या. त्या परिषदेच्या ठरावांत बहुपत्नीत्वाला विरोध होता, घटस्फोटाचा हक्क होता आणि त्याच बरोबरीने कामगार बायांसाठी पगारी रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन यांचीही मागणी होती. त्या बायांना घर आणि कारखाना हे दोन वेगळे विषय वाटले नव्हते.

आज कायदा बराच पुढे आला आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. पण खाप्यासारख्या गावात पन्नास माणसे एका छपराखाली ठेवणारे किती? जिनिंग, संत्र्याची प्रतवारी, वीटभट्टी, दुकाने, खासगी शाळा, दवाखाने, छोटे वर्कशॉप, यंत्रमाग. बहुतेक ठिकाणी दहा-वीस माणसे, काही ठिकाणी फक्त हंगामापुरती. पन्नासची अट लावली की गावातले जवळजवळ सगळे मालक सुटतात आणि जवळजवळ सगळ्या बाया उघड्यावर राहतात.

यावर उपाय कायद्यातच लिहिलेला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने सामायिक पाळणाघराला वाट दिली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती अधिक मोकळी केली. सरकारचे, नगरपालिकेचे, संस्थेचे किंवा अनेक आस्थापनांनी मिळून पैसे घालून चालवलेले पाळणाघर वापरले तरी चालते. खाप्याला नेमके हेच हवे आहे. एकेका मालकाला न झेपणारे काम दहा मालक आणि नगरपरिषद मिळून करू शकतात. जागा नगरपरिषदेची, दोन सेविकांचे वेतन मालकांनी वाटून घेतलेले, आहारासाठी अंगणवाडीशी जोडणी. केंद्राच्या जुन्या पाळणाघर योजनेचा आराखडा हाताशी आहेच: सहा महिने ते सहा वर्षे वयाची पंचवीस मुले, एक सेविका, एक मदतनीस, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. अडचण एकच, आणि ती वेळेची. पहिल्या पाळीला निघणाऱ्या आईला सकाळी साडेसहाला दार उघडे हवे. अंगणवाडी दुपारपर्यंत उरकते. पाळणाघर पाळीच्या घड्याळावर चालले पाहिजे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवर मोबाइल क्रेशचे काम सुरू केले आणि काही वर्षांतच ते मुंबईत, पुढे पुण्यात पोहोचले. इमारत उभी राहीपर्यंत मजुरांच्या मुलांना सांभाळायचे, शिकवायचे आणि काम हलले की पाळणाघरही हलवायचे. वसई-ठाणे भागात विधायक संसदेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या, पुण्याजवळच्या दगडखाणींत संतुलन संस्थेने पाषाणशाळा चालवल्या, ऊसतोडीच्या पट्ट्यात साखरशाळा उभ्या राहिल्या. हंगामी, स्थलांतरित आणि एका जागी न राहणाऱ्या मजुरांसाठीही मुलांची सोय होऊ शकते, हे या कामांनी सिद्ध केले. त्यांतली बरीचशी कामे संस्थांनी ओढली. मालकांनी आपला वाटा नियमाने उचलला असता तर त्या शाळांना देणग्यांच्या पावत्या फाडत फिरावे लागले नसते.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. छोट्या मालकाची भीती खरी आहे. प्रसूती रजेतला सहा महिन्यांचा पगार स्वतः भरायचा असेल, तर तो लग्न झालेल्या मुलीला कामावर घ्यायलाच कचरेल. कायद्याने दिलेला हक्क भरतीच्या दारातच अडतो. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी या पेचावर बोट ठेवले होते. आईची काळजी हे राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा मोठा भार सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमातून नफा घेणाऱ्या मालकालाही मोकळे सोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. कर्मचारी राज्य विमा योजना याच तत्त्वावर उभी आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या, योजनेखाली येणाऱ्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याच्या वेतनावर मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. मग २६ आठवड्यांच्या रजेचा पगार मालकाच्या गल्ल्यातून जात नाही, विमा महामंडळ देते. दहाच्या आत हजेरी दाखवून ही नोंदणी चुकवणारा मालक चार पैसे वाचवतो आणि त्या बदल्यात मोठा धोका स्वतःच्या डोक्यावर घेतो. सावनेर तालुक्यातल्या व्यापारी आणि उद्योजक संघटनांनी आपल्या सभासदांना पहिल्यांदा हा हिशेब समजावून सांगावा.

रजेचा विचार फक्त आईपुरता ठेवणेही चुकीचे आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी कारखान्यातल्या बापासाठी कायद्यात तशी तरतूद नाही. बाळंतिणीजवळ पहिले आठ-पंधरा दिवस थांबलेल्या नवऱ्याला मूल सांभाळण्याची सवय लागते, आणि २८९ विरुद्ध ८८ मिनिटांची दरी कमी होण्याची सुरुवात तिथून होते. याशिवाय काही गोष्टी जवळपास फुकट आहेत. पुढच्या आठवड्याची पाळी आधीच सांगणे. एकाच घरातल्या नवरा-बायकोला एकाच वेळी रात्रपाळी न देणे. पालकसभेसाठी दोन तासांची सवलत. खाप्याहून सुटणाऱ्या एसटीच्या वेळेशी पाळीचा भोंगा जुळवणे. गाडी चुकली म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाणे एखाद्या घराला काय पडते, हे महिनाअखेरीला कळते.

आता उद्याच्या कामगारांकडे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चारपासून पुढच्या छोट्या आस्थापनाही घेऊ शकतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र उचलते. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा. योजना आहेत. कमी पडते ते शिकवण्याचे मन. शिकाऊ पोरगा म्हणजे स्वस्तातला हेल्पर असे समजून त्याला वर्षभर झाडू आणि चहाला लावले, तर तो यंत्र शिकत नाही आणि मालकाला पुढच्या वर्षी पुन्हा कुशल माणूस मिळत नाही. प्रत्येक शिकाऊ उमेदवारामागे एक जाणता कारागीर नेमून द्यावा, त्या कारागिराला त्याबद्दल भत्ता द्यावा आणि वर्षाअखेरीस उमेदवाराला काय येते याची लेखी नोंद त्याच्या हातात ठेवावी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा तिथे तयार कामगार नव्हते. आसपासच्या खेड्यांतल्या, फारशी शाळा न पाहिलेल्या तरुणांना त्यांनी यंत्रावर उभे केले आणि कारखान्याबरोबरच घरे, शाळा अशी वस्ती उभारली. अलीकडच्या काळात कमिन्सने महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या जोडीने पुण्यात १९९१ मध्ये मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले, आणि त्याची शाखा नागपुरातही आहे. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात मोटारींच्या जोडणीची एक संपूर्ण लाइन मुलींच्या हाती आहे. कित्येक जणी कमवा आणि शिका पद्धतीने तिथे आल्या. कंपनी मोठी असेल, पण यामागची पद्धत छोटी जागाही उचलू शकते. सावनेर परिसरातल्या पाच-सहा वर्कशॉपनी मिळून आयटीआयतल्या दहा मुली फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणून घेतल्या, स्वच्छतागृह आणि सुरक्षित जाण्यायेण्याची सोय केली, तर दोन वर्षांत त्यांच्या धाकट्या बहिणी शिवणकामापलीकडचा ट्रेड मागू लागतील. मुलीच्या बापाला जाहिरातीपेक्षा शेजारच्या मुलीचा पगार लवकर पटतो.

पाळणाघर आणि शिकाऊ उमेदवारी हे कामगार धोरणाच्या फायलींत वेगवेगळे विषय असतील. खाप्यातल्या एका घरात ते एकच आहेत. आई कामावर टिकली तर मुलीचे शिक्षण टिकते, आणि शिकलेली मुलगीच पंधरा वर्षांनी त्या भागातल्या कारखान्याची कुशल कामगार होते.

म्हणून एक ठोस मागणी. खापा नगरपरिषदेने परिसरातल्या छोट्या-मोठ्या सर्व मालकांची बैठक बोलवावी आणि तीन निर्णय घेऊन उठावे: पाळीच्या वेळेवर चालणारे एक सामायिक पाळणाघर, विमा योजनेत बसणाऱ्या प्रत्येक आस्थापनेची नोंदणी, आणि सावनेरच्या आयटीआयशी ठरवून दरवर्षी घ्यायच्या शिकाऊ उमेदवारांची यादी, ज्यात निम्म्या मुली असतील. खाण, वीज केंद्रे आणि मोठे कारखाने यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून पहिल्या तीन वर्षांचा भार उचलावा. गावातल्या नोकरदार बायांनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी या बैठकीत हजर राहून आपल्या पाळीच्या वेळा मांडाव्यात, कारण पाळणाघर किती वाजता उघडावे हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाच सांगता येणार नाही.